वाचक विचारतात: जुन्या गाडीत धूर शिरतो कुठून?

यावेळी गाडीच्या आत येणाऱ्या धुराबद्दलच एवढे प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. पहिलं उत्तर लांब झालंय, पण ते आधी वाचा, कारण पुढची बरीचशी उत्तरं त्याच्याच जिवावर आहेत.

प्रश्न: नमस्कार दादा, माझी १९६० च्या दशकातली चार दारांची सेडान आहे. सायलेन्सर नवीन टाकला, मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाचं) पॅकिंग बदललं, खालून सगळं दोनदा चेक करून घेतलं, कुठेही लीक नाही. तरी अर्धा तास चालवली की कपड्यांना आणि केसांना धुराचा वास. मागे बसणाऱ्यांना तर जास्तच. आणि गंमत म्हणजे पुढच्या काचा उघडल्या की वास कमी होण्याऐवजी वाढतो. मेकॅनिक म्हणतो जुन्या गाड्यांचं असंच असतं, सवय करा. खरंच काही करता येत नाही का?

उत्तर: करता येतं, आणि सवय तर अजिबात करू नका. "जुन्या गाड्यांचं असंच असतं" हे वाक्य ऐकलं की समजायचं समोरच्याने डिकी उघडून बघितलेलीच नाहीये. ती गाडी शोरूममधून बाहेर पडली तेव्हा आत धूर येत नव्हता ना, मग आत्ता येतोय म्हणजे मधल्या काळात काहीतरी बिघडलंय.

तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. काचा उघडल्यावर वास वाढतो, मागच्या सीटवर जास्त येतो. म्हणजे हवा मागून पुढे येतेय. गाडी पळते तेव्हा ती समोरची हवा फाडत जाते आणि तिच्या पाठीमागे कमी दाबाची पोकळी तयार होते. टेलपाइपमधून निघालेला धूर सरळ मागे निघून जात नाही, त्यातला बराचसा त्या पोकळीत भोवऱ्यासारखा फिरत डिकीच्या झाकणाला आणि मागच्या काचेला येऊन भिडतो. आता तुम्ही पुढची काच उघडली. बाहेरून वेगाने जाणारी हवा आतली हवा बाहेर खेचते. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावला की दाराखालच्या फटीतून हवा आत यायला लागते, तसंच इथे होतं, फक्त इथली फट डिकीत असते आणि फटीबाहेर धूर उभा असतो. दाराची पुढची छोटी त्रिकोणी काच उघडली तर कधीकधी ही ओढ अजून जोरात लागते.

म्हणून सायलेन्सर कितीही नवा टाकला तरी तुमचा प्रॉब्लेम सुटणार नाही, कारण टेलपाइपमधून धूर बाहेर पडणं हे त्याचं कामच आहे. तो परत आत ओढला जातोय ते थांबवायचंय.

आधी खात्री करा, खर्च नंतर. मास्किंग टेप घ्या आणि डिकीच्या झाकणाची फट चारी बाजूंनी बाहेरून टेपने बंद करून टाका. नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या स्पीडने, काचा नेहमीसारख्या ठेवून एक चक्कर मारा. वास गेला तर झाकणाचं रबर दोषी. थोडाच कमी झाला तर तो टेप राहू द्या आणि आता टेल लॅम्पच्या कडांना टेप लावून परत चक्कर मारा. एका वेळी एकच गोष्ट करायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. एवढ्या साध्या टेस्टचा बऱ्याच लोकांना कंटाळा येतो आणि मग ते सगळी रबरं बदलून बसतात आणि वास असतोच.

रबर तपासायला कागदाची पट्टी पुरते. झाकण बंद करताना पट्टी रबरावर धरा, लॉक करा, ओढा. घट्ट बसली तर ठीक, अलगद निघून आली तर तिथे फट आहे. असं चारी बाजूंनी जा, कोपरे आणि बिजागरीजवळचा भाग सोडू नका. कित्येकदा रबर चांगलं असतं पण झाकणच नीट बसलेलं नसतं, लॉकचा हुक थोडा खाली घेतला की काम होतं. नवीन रबर टाकलं असेल तर उलटा प्रकार होतो, ते इतकं जाड आणि कडक निघतं की लॉकजवळ दाबलं जातं आणि बिजागरीच्या बाजूला झाकण उचललेलं राहतं.

मग रात्री किंवा अंधाऱ्या जागी डिकीत मोठा टॉर्च किंवा लाइट ठेवून झाकण बंद करा आणि बाहेरून, खालून सगळीकडे बघा. जिथून उजेड दिसतो तिथून धूर येतो. टेल लॅम्पच्या मागची पॅकिंग्ज इतक्या वर्षांत बिस्किटासारखी कुरकुरीत झालेली असतात. नंबर प्लेटच्या लाइटची वायर जाते ते भोक, बंपरच्या ब्रॅकेटची भोकं, पेट्रोल भरायच्या नळीभोवतीचं रबर, स्टेपनीच्या खड्ड्यातले निघून गेलेले रबरी बूच, आणि डिकीच्या खालच्या कोपऱ्यातला गंज, कार्पेट उचलल्याशिवाय तो दिसत नाही. मागच्या चाकांच्या वरचा पत्रा जिथे जोडलेला असतो ते सांधेही बघा, तिथलं कंपनीचं सीलर सुकून तडकतं.

एवढं झालं की मागची सीट काढा. तुमच्या काळातल्या बऱ्याच सेडानमध्ये डिकी आणि केबिनच्या मध्ये फक्त एक पुठ्ठा असतो, तोही पाणी पिऊन वाकलेला, आणि वरच्या पार्सल शेल्फला स्पीकरसाठी कुणीतरी पाडलेली भोकं. तिथे पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा कापून बसवा, कडांना ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), वर बंद पेशींचा, म्हणजे हवा-पाणी आरपार न जाऊ देणारा फोम. हे मी मुद्दाम सांगतोय कारण हा दुसरा बांध आहे. डिकीत थोडासा धूर आलाच तरी तो माणसांपर्यंत पोचत नाही, आणि शिवाय मागचा आवाजही बराच कमी होतो.

आणि शेवटी हवेची दिशा फिरवा. विंडस्क्रीनच्या खालच्या कडेला, जिथे बॉनेट संपतं, तिथे गाडी पळताना हवेचा दाब जास्त असतो, फ्रेश एअरचं तोंड म्हणूनच तिथे दिलेलं असतं. ते उघडं ठेवा, ब्लोअर चालू ठेवा, काचा बंद किंवा अगदी थोड्या उघड्या. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहिला तर हवा फटींमधून बाहेर जाते, आत येत नाही. तुमच्या गाडीत मागच्या खांबावर हवा बाहेर पडायच्या जाळ्या असतील तर त्यांच्या मागे एकेरी रबरी पडदे असतात, ते बघा. फोर्ड कॉर्टिनामध्ये १९६४ ला ही आरपार हवा खेळवायची पद्धत आली आणि नंतर बऱ्याच कंपन्यांनी तशीच दिली. ते पडदे तुटले की जी जाळी हवा बाहेर काढायची तीच धूर आत घ्यायला लागते.

प्रश्न: माझ्या गाडीत वास अगदीच हलका येतो, थोड्या वेळाने तर कळतही नाही. म्हणजे काळजीचं कारण नाही ना? आणि घरात लावतात तो कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत ठेवला तर चालेल का?

उत्तर: थोड्या वेळाने कळत नाही याचं कारण तुमचं नाक थकलं, धूर गेला असं नाही. आणि ज्याची भीती आहे त्या कार्बन मोनॉक्साइडला वास, रंग काहीच नसतो. तुम्हाला वास येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा आणि बाकीच्या गोष्टींचा. वास असेल तर मोनॉक्साइड असणार असं धरून चालायचं, पण वास नाही म्हणून तो नाही असं धरायचं नाही.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे जास्त सिरियस आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा, एक्झॉस्टमधला डबा) अमेरिकेत १९७५ च्या मॉडेल्सपासून सरसकट यायला लागले, त्याआधीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीच्या धुरात आयडलिंगला दोन-चार टक्के मोनॉक्साइड असणं अगदी नॉर्मल होतं, चोक अडकला असेल किंवा मिश्रण रिच असेल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात असेल, तर अजून जास्त. एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा काय आहे, तर १५ मिनिटांसाठी सुमारे ८७ पीपीएम, तासाभरासाठी सुमारे ३०, आठ तासांसाठी ९ च्या आसपास. म्हणजे धुराचा किती छोटा हिस्सा आत आला तरी गडबड होते ते बघा. म्हणूनच कार्ब्युरेटर नीट ट्यून करणं हाही धुरावरचाच उपाय आहे, फटी बुजवण्याइतकाच.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि साध्या हवेत त्यातला निम्मा बाहेर पडायला चार ते पाच तास लागतात. म्हणजे सकाळच्या चक्करीतला थोडा शिल्लक असतानाच संध्याकाळच्या चक्करीतला त्यात भर घालतो. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, गाडीतून उतरल्यावर हळूहळू बरं वाटणं, गाडीतल्या दोघा-तिघांना एकदमच त्रास होणं, असं काही झालं तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, त्रास जास्त असेल तर डॉक्टर गाठा आणि त्यांना धुराचं स्पष्ट सांगा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, त्याला मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनवालं रक्त यातला फरक कळत नाही, तो आरामात ९८ दाखवेल.

घरचा अलार्म गाडीत उपयोगाचा नाही. अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे तो ७० पीपीएमला एक ते चार तासांनी वाजतो आणि १५० ला १० ते ५० मिनिटांनी. तोपर्यंत तुमची चक्कर संपलेली असेल. आकडा दाखवणारा, कमी पातळीपासून मोजणारा पोर्टेबल मीटर घ्या. डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, सीटच्या हेडरेस्टजवळ नाकाच्या उंचीला लटकवा, एकदा पुढे आणि एकदा मागे. काच उघडून, बंद करून, ब्लोअर चालू-बंद करून आकडे लिहून ठेवा. वरच्या टेपच्या टेस्टलाही नाकापेक्षा हाच मीटर बरा. आणि हो, लहान मुलं किंवा गरोदर बाई गाडीत बसणार असेल तर आधी मीटर, मग फिरणं.

प्रश्न: ओपन टॉप टू सीटर आहे. टॉप खाली असताना थोडा वास, टॉप लावला की असह्य. उलटं व्हायला हवं ना?

उत्तर: नाही, बरोबरच होतंय. टॉप लावून बाजूच्या काचा खाली ठेवल्या की आतून हवा खेचली जाते आणि ती भरून निघते कापडी टॉप जिथे बॉडीला टिकल्यांनी अडकवलेला असतो त्या मागच्या कडेतून, म्हणजे बरोबर धुराच्या तोंडावरून. मागची प्लास्टिकची खिडकी चेन उघडून ठेवत असाल तर मग विचारायलाच नको, ती आधी बंद करा. गरम होत असेल तर पुढचे व्हेंट उघडा, मागचं काही नाही. टॉप खाली असताना हवा तुमच्या डोक्यावरून जाऊन मागे वळते आणि सीटच्या मागून पुढे येते, केस पुढे उडतात ते त्यामुळेच. सीटच्या मागे जाळीचा किंवा काचेचा विंड डिफ्लेक्टर लावला तर बराच फरक पडतो. बाकी डिकी आणि सीटमागचा पत्रा वरच्यासारखाच तपासा, टू सीटरमध्ये तिथे अंतरच कमी असतं.

प्रश्न: एअर कूल्ड, मागे इंजिन असलेली गाडी आहे. हिवाळ्यात हीटर चालू केला की तेल जळल्याचा वास येतो आणि डोकं दुखतं. हीटर बंद असेल तर काही नाही.

उत्तर: हीटर आत्तापासून बंद, दुरुस्ती होईपर्यंत. बाकीच्या वाचकांना मी फटी शोधा म्हणतोय, तुमच्याकडे तर सरळ पाइपलाइन आहे. या गाड्यांमध्ये पाण्याचा रेडिएटर नसतो, त्यामुळे आतली गरम हवा एक्झॉस्टच्या पाइपवर पत्र्याचं जॅकेट बसवून त्यातून घेतात, त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. आतला पाइप गंजून त्याला बारीक भोक पडलं की धूर थेट हीटरच्या हवेत. बाहेरून जॅकेट चकाचक दिसतं, भोक आत असतं, म्हणून ते काढून उजेडात धरून, आतून बघायला लागतं. पाइप सडलेला असेल तर एक्स्चेंजर बदला, वेल्डिंगचं ठिगळ नको, शेजारचा पत्राही तितकाच पातळ झालेला असतो.

तेलाचा वास वेगळा. बीटलच्या १९६२ पर्यंतच्या मॉडेल्समध्ये सिलेंडरवरून गेलेली हवाच गरम होऊन केबिनमध्ये यायची, त्यामुळे इंजिनवर सांडलेलं तेल म्हणजे केबिनमध्ये वास ठरलेला. नंतरच्या मॉडेल्समध्ये फॅनकडून वेगळी ताजी हवा एक्स्चेंजरमध्ये यायला लागली, पण इंजिनभोवतीच्या पत्र्यांची रबरं गेलेली असतील किंवा हवेचे होज फाटले असतील तर परत तेच. टॅपेट कव्हरचं (व्हॉल्व्हच्या बाजूच्या झाकणाचं) पॅकिंग, पुशरॉड ट्यूबच्या सील्स बघा. डोकेदुखी मात्र तेलाच्या खात्यावर टाकू नका, आधी एक्स्चेंजर. आणि हीटरची नॉब बंद केली म्हणजे पडदा शंभर टक्के बसतो असंही नाही, मीटर लावून बघा.

प्रश्न: पळताना काही नाही, सिग्नलला थांबलं की पुढून जळकट वास आत येतो, निळसर धूरही दिसतो बॉनेटच्या कडेने.

उत्तर: हा सायलेन्सरचा नाही, इंजिनच्या पोटातला आहे. पिस्टन रिंगच्या बाजूने गळून क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या तेलाच्या भागात) गेलेला वायू जुन्या गाड्यांमध्ये एका नळीने सरळ खाली रस्त्यावर सोडायचे. गाडी पळताना खालची हवा तो ओढून नेते, थांबली की तो तिथेच वर चढतो आणि फ्रेश एअरच्या तोंडातून आत. १९६० च्या दशकात हा वायू परत इंजिनात जाळायचा पीसीव्ही व्हॉल्व्ह आला, तो बऱ्याच जुन्या इंजिनांना नंतर बसवता येतो. पण धूर भरपूर असेल तर रिंगाच गेल्यात, कॉम्प्रेशन बघून घ्या. स्वस्तातला संशयित म्हणजे टॅपेट कव्हरमधून तेल गरम मॅनिफोल्डवर ठिबकणं. बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर नवीन टाका, इंजिनची हवा व्हेंटपर्यंत न पोचण्यासाठीच ते असतं आणि रंगकाम करताना काढलेलं ते परत लावायचं राहूनच जातं. फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची) वायरची, स्टिअरिंगची, पेडलची, क्लच केबलची भोकं आणि गियर लिव्हरचं रबर एकदा हात फिरवून बघा.

प्रश्न: एक्झॉस्टचा लीक गॅरेजला न नेता कसा शोधायचा? आणि भोकं बुजवायला सिलिकॉन किंवा स्प्रे फोम चालेल का?

उत्तर: इंजिन पूर्ण थंड असताना, व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू टेलपाइपला कापड गुंडाळून लावा आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तिथे लीक. खाली शिरणार असाल तर गाडी स्टँडवर पाहिजे, नुसत्या जॅकवर कधीच नाही. सायलेन्सरला खाली एक बारीक भोक असतं ते पाणी जायला मुद्दाम दिलेलं असतं, ते बघून घाबरू नका. थंड इंजिन स्टार्ट केल्यावर टिकटिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर थांबतो, तर मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा तडा. सांध्याजवळ काजळीचा काळा पट्टा हाही पुरावाच. टेलपाइप बंपरच्या आतच संपत असेल तर तो बाहेरपर्यंत लांब करून घ्या, आणि खाली वळवलेली शोभेची टीप लावली असेल तर काढून बघा, ती धूर गाडीखालीच सोडते.

सिलिकॉन: ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते पत्र्याला नको, त्यातल्या आम्लाने गंज धरतो. स्प्रे फोम तर नकोच नको, पाणी धरून ठेवतो, खालचा पत्रा खातो आणि पेटतोही. पत्र्याच्या सांध्यांना सीम सीलर, वायरच्या भोकांना मापाचं ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी), उघडता येणाऱ्या जागी ब्युटाइल टेप.

प्रश्न: जुनी स्टेशन वॅगन आहे. लांब पाइप न्यायचे असले की मागचं दार थोडं उघडं ठेवून दोरीने बांधतो. छोटं अंतर असतं. चालेल?

उत्तर: नाही. वॅगनची पाठ उभी सपाट असते, त्यामुळे मागची पोकळी मोठी असते आणि धूर थेट मागच्या दारावर येऊन आपटतो. ते दार उघडं म्हणजे अख्खी केबिन त्या पोकळीत उघडी. काही वॅगनना छताच्या मागच्या टोकाला डिफ्लेक्टर लावतात, पण त्याने काचेवरची धूळ कमी होते, उघड्या दारातून येणारा धूर त्याने अडत नाही. पाइप छतावरच्या कॅरियरवर बांधा, मागे लाल फडकं लावा. कॅरियर नसेल तर पाइप कापून आणा किंवा दुसऱ्या गाडीने मागवा.